स्वदेशीची पायपीट

माल दूरवर जातो. माल तयार करणारा मात्र बहुधा आपल्याच गावी राहतो. गोंदियाकडील रानात ऐनाच्या झाडावर वाढलेला कोसा पुढे सूत होतो, सुताचे वस्त्र होते, आणि ते वस्त्र नागपूर-मुंबईच्या दुकानांत जाऊन पोचते. ते नेसणाऱ्या बाईला त्या झाडाची ओळख नसते, आणि झाडाखाली महिना-दीड महिना पाखरे हाकीत बसलेल्या धीवर कुटुंबाला त्या बाईची ओळख नसते. या दोघांच्या मधल्या वाटेवर जे व्यापारी बसलेले असतात, त्यांना मात्र दोन्ही टोके ठाऊक असतात. आणि नफ्याचा मोठा वाटा या माहितीच्या जोरावरच मिळविला जातो. स्थानिक मालाचा प्रश्न हा मुळात या मधल्या अंतराचा प्रश्न आहे.

हे अंतर पायांनी तोडण्याचा उपाय सुमारे शंभर वर्षांपूर्वी या देशातील स्त्रियांनी करून पाहिला. खांद्यावर खादीचे गाठोडे घ्यावयाचे, घरोघर हिंडावयाचे, घरच्या बायकांपुढे ते सोडावयाचे आणि त्यांच्या शंकांचे निरसन करीत कापड विकावयाचे, असा तो क्रम होता. त्याला फेरी म्हणत. सभा आणि मिरवणुका यांची वर्णने पुष्कळ झाली. फेरीची वर्णने त्या मानाने थोडी आहेत. परंतु ज्या जिल्ह्याजवळ माल आहे आणि गिऱ्हाईक दूर आहे, अशा जिल्ह्याने अभ्यास करावयाचा तो मिरवणुकीपेक्षा फेरीचाच होय.

महाराष्ट्रात स्वदेशीचा विचार जुना आहे. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले होते. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. पण कापड जाळण्यास एक संध्याकाळ पुरते. जळालेल्या लुगड्याच्या जागी दुसरे लुगडे हवे असते, ते कोठून आणावयाचे, त्याला किती पैसे द्यावयाचे आणि ते अंगाला टोचले तर काय करावयाचे, हे प्रश्न होळी विझल्यावर उत्पन्न होतात. त्यांची उत्तरे व्यासपीठावरून देता येत नाहीत. शिवाय घरात कोणते कापड यावे हे ठरविण्यात स्त्रियांचा मोठा हात असे, आणि त्या काळी पुष्कळ घरांतील स्त्रिया सभेला किंवा दुकानात मोकळेपणाने जात नसत. पुरुष प्रचारकाला ओसरीपर्यंत प्रवेश मिळे. माजघरापर्यंत जावयाचे तर प्रचारकही स्त्रीच हवी होती.

तथापि विकण्याच्या आधी शोधण्याचे काम होते, आणि त्याचाही आरंभ एका स्त्रीनेच केला. गांधीजींना चरखा हवा होता, पण तो चालविणारे कोणी सापडत नव्हते. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत त्यांना गंगाबेन मजमुदार या विधवा बाई भेटल्या. चरखा शोधून काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि गुजरातभर हिंडून अखेर बडोदे संस्थानातील विजापूर येथे तो मिळविला. तेथे पुष्कळ घरांच्या माळ्यावर चरखे धूळ खात पडले होते. ते पुन्हा चालविण्यास लोकांची ना नव्हती. अट एवढीच होती की पेळू नियमाने मिळावेत आणि कातलेले सूत कोणीतरी विकत घ्यावे. कारागिराच्या या मागणीत स्थानिक उद्योगाचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. कसब गेलेले नव्हते, साधनही मोडलेले नव्हते. तुटली होती ती कच्च्या मालाची आणि गिऱ्हाइकाची साखळी. ती पुन्हा जुळविण्यास कोणीतरी दोन्ही टोकांमध्ये येरझारा घालणे अवश्य होते.

मुंबईत ही येरझार स्त्रियांच्या संस्थांनी घातली. अवंतिकाबाई गोखले यांचा जन्म १८८२ चा. १९१७ साली त्या चंपारणात गांधीजींच्या कामास गेल्या होत्या. १९१८ साली त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी त्यांनी लिहिलेले गांधीजींचे मराठी चरित्र लोकमान्य टिळकांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. पुढे १९२१ साली राष्ट्रीय स्त्री सभा निघाली. पेरीन कॅप्टन, गोशीबेन कॅप्टन यांच्यासारख्या सुशिक्षित, सुखवस्तू घरांतील स्त्रिया खादीच्या प्रसाराकरिता मुंबईच्या चाळींतून आणि बंगल्यांतून फिरू लागल्या. ज्यांच्या घरी माल पोचविण्यास नोकर येत, त्या स्वतःच माल घेऊन दुसऱ्यांच्या दारी उभ्या राहिल्या. ही गोष्ट त्या काळच्या समाजाला साधी वाटली नाही.

या फेरीचा खरा उपयोग विक्रीच्या आकड्यात पूर्णपणे दिसत नाही. पहिल्या काळातील खादी जाड होती, जड होती आणि तिचा पन्हा अपुरा असे. नऊवारी लुगडे अशा कापडाचे केले तर ते धुणे, पिळणे आणि नेसून दिवसभर वावरणे हे तिन्ही कष्टाचे. अशी तक्रार दुकानदारापुढे कोणी करीत नाही. माल पसंत नसला की गिऱ्हाईक मुकाट्याने दुसऱ्या दुकानात जाते. परंतु ओळखीची बाई दारी आली म्हणजे मनातले बोलले जाते, आणि हे बोलणे मागे कारागिरापर्यंत पोचले म्हणजे माल सुधारतो. गांधीजींनी आत्मकथेत याचा एक दाखला दिला आहे. आश्रमात विणले जाणारे कापड तीसच इंच पन्ह्याचे होते. महिन्याच्या आत पंचेचाळीस इंच पन्ह्याचे धोतर मिळाले नाही, तर आपण आखूड पंचाच नेसू, असे त्यांनी गंगाबेनना कळविले. आणि महिना पुरा होण्याच्या आत तसे धोतरजोड तयार होऊन आले. एका निश्चित गिऱ्हाइकाची निश्चित मागणी कळताच, अशक्य वाटणारा पन्हा मागावर उतरला. राष्ट्रीय स्त्री सभेनेही खादीवर भरतकामाची जोड देऊन गरजू बायकांना काम दिले आणि कापडाला रूप दिले. फेरीवाली बाई माल पुढे नेते, हे सर्वांना दिसते. ती तक्रार मागे आणते, हे तिचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे.

१९३० साली या कामाला वेगळे वळण लागले. साबरमतीहून दांडीपर्यंतची पदयात्रा १२ मार्चला निघाली व ५ एप्रिलला समुद्रकाठी पोचली; सुमारे ३८५ किलोमीटरांची ती वाट होती. त्यासाठी निवडलेल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. यात्रा संपताच गांधीजींनी स्त्रियांस आवाहन केले, ते दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करण्याचे. मुंबईत देशसेविका संघाच्या स्त्रिया केशरी साड्या नेसून दुकानांपुढे उभ्या राहिल्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवी भागात परदेशी कापडाची मोटार अडविताना बाबू गेनू हा गिरणी कामगार प्राणास मुकला. निरोधनाने गिऱ्हाईक परदेशी मालापासून परत फिरे. परंतु परत फिरलेल्या गिऱ्हाइकाला देशी माल दाखविण्यास फेरीवाल्या बाईचीच गरज पडे. पहिले काम धैर्याचे, दुसरे चिकाटीचे. आणि पहिल्याने मिळविलेले टिकवून धरण्याचे काम दुसऱ्याकडे येते.

यापुढचा टप्पा विदर्भातच घडला. १९२५ साली पाटण्यास स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने १९३५ साली असे ठरविले की, सूत कातणाऱ्यांस निर्वाहापुरते तरी वेतन मिळालेच पाहिजे. तोपर्यंत खादी शक्य तितकी स्वस्त ठेवण्याकडे कल होता, आणि त्या स्वस्ताईचा भार कातणाऱ्या गरीब बाईवर पडत होता. वेतन वाढले तशी खादी महाग झाली. मग विकणारीचे काम अधिक अवघड झाले, पण अधिक खरेही झाले. ‘हे महाग का?’ या प्रश्नाला तिच्याजवळ सरळ उत्तर होते: कातणारीला पोटभर मिळावे म्हणून. दुकानातील फळीवर ठेवलेले कापड हे उत्तर देऊ शकत नाही. ते माणसालाच द्यावे लागते.

वर्ध्यास १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली घाणीचे तेल, हातकागद, मधमाशा, हातसडीचा तांदूळ अशा उद्योगांचे प्रयोग चालू झाले. यांतील हातसडीच्या तांदळाचा संबंध गोंदियाशी फार जवळचा आहे. वर्धा आणि गोंदिया ही दोन्ही गावे त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडातच होती. वर्ध्याच्या मंडळींचे म्हणणे असे की, गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाचा कोंडा निघून जातो, आणि त्याबरोबर अन्नातील पोषक अंशही जातो. तांदळाच्या कोंड्यात ब-१ हे जीवनसत्त्व असते आणि त्याच्या अभावी बेरीबेरीचा रोग होतो, हे आज शालेय पुस्तकातही लिहिलेले आहे. दुसरा मुद्दा रोजगाराचा होता. उखळ-मुसळावर भात सडणे हे स्त्रियांचे काम. गिरणी आली की ते गेले.

गोंदिया तर भातगिरण्यांचेच शहर. हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे मोठे जंक्शन, आणि भोवती तलावांच्या पाण्यावर पिकणारा भाताचा मुलूख; तेव्हा गिरण्या तेथे वाढाव्यात हे स्वाभाविकच होते. १९५८ साली भातगिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला. नवी गिरणी काढण्यास परवाना देताना तिच्यामुळे त्या परिसरात बेकारी पसरेल काय, याचाही विचार करावा, असा त्याचा आशय होता. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गोंदियाच्या गिरणीतील तांदूळ हाही स्थानिक माल आहे, आणि गोंदियाच्या उखळातील तांदूळ हाही स्थानिकच होता. तरीही एकाने दुसऱ्याची जागा घेतली. तेव्हा ‘आपल्या गावचा माल’ एवढेच सांगून भागत नाही. त्या मालाच्या किमतीतील किती भाग कोणाच्या हाती जातो, हेही सांगावे लागते. आणि स्वदेशीचा प्रचार करणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाला सांगावयाची मुख्य गोष्ट हीच आहे.

भंडाऱ्यापासून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्यप्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेला लागून आहे. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. पूर्वेकडे व दक्षिणेकडे दाट रान, आणि जागोजाग मालगुजारांच्या काळातील मामा तलाव. या मुलखातील मालाची नावे घ्यावयाची तर तांदूळ, तेंदूपाने व विडी, मोहफूल, बांबूच्या वस्तू, लाख आणि कोसा ही प्रथम येतात. लाखेचा कीटक पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या डहाळ्यांवर जगतो. त्याने पाझरलेला राळेसारखा पदार्थ खरवडून काढतात. एके काळी ग्रामोफोनच्या तबकड्या याच लाखेच्या होत, आणि आजही बांगड्या, रोगण व औषधी गोळ्यांवरील लेप यांत ती वापरली जाते. कोशाची अळी ऐन आणि अर्जुन यांच्या पाल्यावर उघड्या रानात वाढते. पाखरे आणि मुंग्या यांच्यापासून तिला जपावे लागते. कोसे उकळून मऊ केल्यावर बायका सूत काढीत, ते पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या उघड्या मांडीवर घासून. त्याने कातडी सोलवटते, म्हणून यंत्रे देऊन ही रीत बंद करण्याचे प्रयत्न अलीकडच्या काळात झाले आहेत. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव या भागातील विणकर या सुताची वस्त्रे विणतात. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी ज्यांच्या काठावर असते, ती करवतकाठी लुगडी विदर्भाची खास ओळख आहेत.

आता प्रश्न असा की, असा माल घेऊन एखादी बाई पायी निघाली, तर तिच्या हातून काय साधेल? दांडीच्या वाटेचे माप घेतले, तर रोज सरासरी सोळा किलोमीटर होतात. गोंदिया ते नागपूर हे अंतर लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर आहे. म्हणजे ही वाट आठ दिवसांची झाली. खांद्यावर दहा किलो ओझे घेतले, असे समजू. कोशाचे लुगडे साधारण अर्धा किलोचे धरले, तर गाठोड्यात वीस लुगडी मावतील, आणि ती विकली गेली तर आठ दिवसांचे श्रम भरून निघतील. तेच गाठोडे तांदळाचे असेल, तर एका कुटुंबाला ते चार-सहा दिवसही पुरणार नाही, आणि मिळालेल्या पैशांत तिचा वाटखर्चही निघणार नाही. बांबूची सुपे-टोपल्या हलक्या असतात, पण जागा फार अडवितात. तेव्हा प्रत्येक माल पायी नेण्यासारखा नसतो. जो वजनाने थोडा आणि मोलाने अधिक, तोच खांद्यावरून जाईल. जो जड आणि स्वस्त, त्याची बाईने वानगी न्यावी, आणि माल मागाहून रेल्वेने किंवा मोटारीने जावा.

मूठभर वानगीला किंमत येते ती नावामुळे. चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ एकदा शिजवून पाहिलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी तो नावाने मागते. मालाच्या गावाला असे संरक्षण मिळावे म्हणून १९९९ साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला आणि २००३ पासून तो अमलात आला. कायद्याने नाव राखले जाते, पण लोकांच्या ओठांवर ते कायदा आणून ठेवीत नाही. त्यासाठी कोणीतरी तांदूळ हातात घेऊन, तो कोणत्या पाण्यावर पिकला आणि कोणी सडला, हे सांगत हिंडावे लागते. लांबच्या पदयात्रेचे खरे काम हेच आहे: ती माल विकण्यापेक्षा मालाची ओळख पेरते.

ओळख पेरून मात्र निघून जाऊन चालत नाही. १९६७ साली इंदूरजवळच्या कस्तुरबाग्रामातून विनोबांच्या प्रेरणेने चार भगिनी लोकयात्रेला निघाल्या. आसामच्या हेमा भराली आणि लक्ष्मी फुकन या त्यांपैकी दोघी. स्त्रीशक्तीचा विचार सांगत बारा वर्षे देशभर पायी हिंडण्याचा त्यांचा संकल्प होता. विचाराच्या प्रसाराला अशी सतत पुढे जाणारी यात्रा शोभते, कारण विचार ऐकणाऱ्यापाशी राहतो. व्यापाराची रीत निराळी आहे. लुगडे घेतलेल्या बाईला वर्षाने दुसरे हवे असते, आणि काठाचा रंग गेला असेल तर त्याचा जाब विचारावयाचा असतो. त्या वेळी फेरीवाली पुन्हा त्याच दारी आली पाहिजे. एकदा जाण्याने कुतूहल उत्पन्न होते. विश्वास उत्पन्न होतो तो दुसऱ्या खेपेला. म्हणून फार लांबच्या एका वाटेपेक्षा, ठराविक ऋतूत ठराविक गावांवरून जाणारी आणि परतणारी वाट स्थानिक मालाच्या अधिक उपयोगी पडते. गोंदियाकडील आठवडी बाजारांची परंपरा याच तत्त्वावर उभी आहे. शेजारच्या खेड्यांतून डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला चालत येणाऱ्या स्त्रीला कोणी पदयात्री म्हणत नाही. पण आठवड्याच्या आठवड्याला त्याच जागी बसून ती जे टिकविते, तोच स्वदेशीचा पाया आहे.

यापुढील मुद्दा सर्वांत नाजूक आहे. मुंबईच्या राष्ट्रीय स्त्री सभेच्या स्त्रिया फेरीचा मोबदला घेत नसत, आणि त्यांना तो घेण्याची आवश्यकताही नव्हती. त्यांच्या घरची चूल फेरीवर अवलंबून नव्हती. देवरी किंवा सालेकसा भागातील बचत गटाची बाई त्यांच्यासारखी मोकळी नाही. तिचा दिवस म्हणजे तिची मजुरी. रोवणीच्या दिवसांत ती आठ दिवस वाटेवर गेली, तर आठ दिवसांचा रोज बुडतो. शिवाय घरचे पाणी, स्वयंपाक आणि लेकरे कोणीतरी सांभाळावी लागतात. स्वदेशीच्या नावाने तिने फुकट चालावे, अशी अपेक्षा कोणी करीत असेल, तर स्वस्त खादीच्या काळी कातणारीवर जो अन्याय होत होता, तोच आता चालणारीवर होईल. १९३५ च्या ठरावाने कातण्याची मजुरी किमतीत धरली. तशीच चालण्याची मजुरी, रात्रीच्या सुरक्षित मुक्कामाचा खर्च आणि न विकल्या गेलेल्या मालाची जोखीम ही मालाच्या किमतीत धरली गेली पाहिजे. मग तो माल महाग होईल. परंतु त्याचे कारण सांगावयाला ती स्वतःच गिऱ्हाइकापुढे उभी असेल, आणि किमतीचा असा उलगडा करण्याची सोय मोठ्या दुकानापाशी नसते.

यासाठी लागणाऱ्या संस्था महाराष्ट्रात नव्याने निर्माण करावयाच्या नाहीत. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालापासून आहे. राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, ज्याला लोक ‘उमेद’ म्हणून ओळखतात, २०११ सालापासून चालू आहे. बचत गटांच्या वस्तूंची ‘महालक्ष्मी सरस’सारखी मोठी प्रदर्शने मुंबईत भरली आहेत. प्रदर्शनात हजारो गिऱ्हाइके एका जागी येतात, हा त्याचा मोठा गुण. मांडव उतरला की ती पांगतात, हा त्याचा दोष. फेरीत गिऱ्हाइके थोडी, पण त्यांची घरे ठाऊक असतात. दोन्हींची सांगड घातली, म्हणजे प्रदर्शनात भेटलेल्या गिऱ्हाइकाच्या दारी पुढच्या हंगामात गटाची बाई पोचली, आणि तिच्या पाठीशी वेळेवर माल पुरविणारी व तिचा रोज देणारी संस्था असली, तर विजापूरच्या चरखेवाल्यांनी घातलेली अट पुरी होईल.

ती अट आजही बदललेली नाही. सालेकशाच्या रानात कोसे राखणाऱ्याला आणि पळसाची लाख खरवडणाऱ्याला एवढेच हवे असते की, त्याच्या श्रमाचा माल कोणीतरी नियमाने आणि रास्त भावाने घ्यावा. एखादी बाई गाठोडे घेऊन लांबच्या वाटेने निघाली, तर तिचे कौतुक जरूर व्हावे. पण ती किती किलोमीटर चालली एवढीच विचारपूस करून थांबू नये. ती परत कधी येणार, तिच्या गावी मालाची मागणी पोचली काय, आणि तिला चालण्याचा रोज मिळाला काय, हेही विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, म्हणजे तिची पायपीट सार्थकी लागली असे खुशाल समजावे.